रात्रभर बसून जायचं तर: पुणे ते अकोला, सहा जण

(आमच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’, ‘अ‍ॅक्चुअली’ थोडे कमी केलेत, सगळे काढलेले नाहीत.)

आज जरा वेगळा विषय आहे. मागच्या भागानंतर दोन-तीन जणांनी विचारलं होतं की दिवाळीत गावी कसा जातोस, बसने की रेल्वेने, आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना कसं नेतोस. मी म्हटलं पाच मिनिटांत सांगतो. मग सांगायला बसलो तेव्हा कळलं की पाच मिनिटांत नाही होणार.

आधी आम्ही कोण ते सांगतो. आम्ही अकोला जिल्ह्यातले, मुर्तिजापूर तालुक्यातले. राहतो येरवड्यात, नागपूर चाळीच्या जवळ. हो, विदर्भातली माणसं नागपूर चाळीजवळ, हा विनोद आमच्या घरी वीस वर्षं चाललाय, तुम्ही नाही केलात तरी चालेल. घरात आजी, आई, बाबा आणि मी. ताई वडगाव शेरीला असते, तिचा मुलगा सहा वर्षांचा. गावी जायचं म्हटलं की ताई आणि भाचाही येतात, भाऊजी मागून येतात. म्हणजे सहा जण. आजी ८१, बाबा ६२ आणि एक गुडघा कामातून गेलेला, आई ५७, ताई, मी, आणि मामाच्या पाठीवर बसून जगणारा आमचा भाचा.

गावी जायचं एक कारण दिवाळी, आणि खरं कारण आजीची धाकटी बहीण. तिला आम्ही मावशीआजी म्हणतो. ती आता अंथरुणावरून फारशी उठत नाही. फोनवर दोघी बोलतात, पण एकीला ऐकू कमी येतं आणि दुसरीला फोन कानाला कुठे लावायचा ते कळत नाही. तेव्हा फोन हा काही भेटीला पर्याय नाही.

आता बस. नगर रोडवरून रात्री विदर्भाकडे किती स्लीपर बस जातात ते येरवडा-खराडीच्या माणसाला सांगायला नको. पण १ जुलै २०२३ ला नागपूरहून पुण्याला येणारी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. त्या सकाळी आमच्या घरात टीव्ही दिवसभर चालू होता. संध्याकाळी आईने बंद केला आणि म्हणाली, “आता बसने कुणी जायचं नाही.” त्यावर चर्चा झाली नाही. बस किती सुरक्षित, रेल्वे किती सुरक्षित, आकडे काय, मी काही काढायला गेलो नाही. आईने जे पाहिलं त्यापुढे माझे आकडे काय करणार होते?

म्हणजे रेल्वे. पुण्याहून दौंड, अहिल्यानगर, मनमाड, जळगाव, भुसावळ, शेगाव, अकोला. रात्रीची गाडी. आणि दिवाळीत रात्रीच्या गाडीला सहा माणसांना सहा बर्थ मिळणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. मिळते ती आरएसी.

ज्यांना कधी आरएसी लागली नाही अशा भाग्यवानांसाठी सांगतो. साइड लोअर बर्थ असतो ना, खिडकीजवळचा एकटा, तो मधून दुभंगतो आणि दोन्ही टोकांना पाठ टेकायची सोय असलेल्या दोन सीट होतात. त्या दोन सीट दोन वेगळ्या माणसांना देतात. दोघांनीही तिकीट पूर्ण भरलेलं असतं. रात्रभर दोघं समोरासमोर बसतात, आणि पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न पहाटेपर्यंत सुटत नाही. कुणी आलंच नाही तर टीसी रिकामा बर्थ आरएसीवाल्यांना क्रमाने देतो. पण दिवाळीत न येणारं कोण असतं?

तर २०२३ ची दिवाळी. तेव्हा तिकिटं साठ नाही, १२० दिवस आधी निघायची, आणि मी १२० दिवसांतले शंभर दिवस ‘बघू’ म्हणण्यात घालवले. सगळ्यांचं एकाच पीएनआरवर काढलं, वेटिंग मिळालं. भाचा तेव्हा चार वर्षांचा, पाचच्या आतल्याला तिकीट नाही, म्हणून तो माझ्या हिशोबात नव्हताच. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. चार्ट लागला तेव्हा एक कन्फर्म, चार आरएसी. कन्फर्म झालेला बर्थ कुठला? मिडल. ज्यावर आजी चढू शकत नाही आणि बाबाही चढू शकत नाहीत.

मी इंजिनिअर माणूस, लगेच शीट उघडली. रिक्षातच, बंडगार्डनच्या पुलावर. मिडलवर ताई आणि तिचं पोरगं. एका साइड लोअरवर आजी आणि बाबा. पुढच्या कंपार्टमेंटच्या साइड लोअरवर मी आणि आई. छान बसलं सगळं. मला जरा अभिमानच वाटला.

गाडी सुटली, दौंड गेलं, दशम्या खाऊन झाल्या, लाईट गेले. आजी आणि बाबा समोरासमोर. बाबांचा गुडघा दुमडत नाही, म्हणून त्यांचा पाय सरळ आजीच्या सीटवर. आजी म्हणून अंग चोरून खिडकीला चिकटलेली. इकडे मी आणि आई. साधारण एक वाजता आई म्हणाली, “तुला सकाळी लॉगिन करायचंय ना, तू जरा आडवा हो, मी आईंकडे बघून येते.” मी म्हटलं पाच मिनिटं. मंडळी, मी चाळीसगावनंतर कधीतरी उठलो. पाय पसरून, चादर घेऊन, दोन्ही सीटवर. चादर अंगावर मी घेतली नव्हती, ती कुणीतरी घातली होती.

आई खाली होती. वाटेत, आमच्या मोठ्या बॅगेवर बसलेली, डोकं आजीच्या सीटच्या कडेला टेकवून. येणारे-जाणारे तिच्यावरून पाय टाकून जात होते.

मी तिला उठवणार इतक्यात आजी उठली. तिला बाथरूमला जायचं होतं. उभी राहिली, दोन पावलं टाकली आणि खाली बसली. पडली नाही, बसली, हळूच, भिंत धरून, जसं एखादं कापड घसरतं. चेहरा पांढरा. हाक मारली तर “हूं” करत होती पण डोळे उघडेना.

पुढची दहा मिनिटं मला नीट आठवत नाहीत. समोरच्या लोअर बर्थवरच्या एक बाई उठल्या, त्या नर्स होत्या. त्यांनी आजीला तिथेच खाली आडवं केलं, पाय वर उचलून धरले आणि पहिला प्रश्न विचारला, “यांनी पाणी कधी प्यायलंय?” आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. कुणालाच माहीत नव्हतं. आजी जरा सावरल्यावर तिनेच सांगितलं. दुपारी चारनंतर काहीच नाही. एक घोट नाही.

का? तर गाडीत बाथरूमला जावं लागू नये म्हणून. “रात्री कोणाले उठवू मी? पोरगं झोपलं होतं.” हे वाक्य तिने माझ्याकडे बघून म्हटलं. पोरगं म्हणजे मी.

पाण्यात मीठ-साखर, थोडं थोडं, जळगाव ते भुसावळ. भुसावळला ती उठून बसली आणि केळी महाग झालीत म्हणाली, तेव्हा आम्हाला वाटलं आता ठीक आहे. ठीकच होती. अकोल्याला डॉक्टरांनी तपासलं, पाणी कमी पडलं होतं, दुसरं काही नाही. पण त्या नर्सताई नसत्या तर आम्ही काय केलं असतं ते मला माहीत नाही. १३९ हा रेल्वेचा मदतीचा नंबर तेव्हा मला सुचलाही नव्हता. फोनमध्ये ठेवा, आत्ता, ऐकता ऐकता.

परत आल्यावर कधीतरी ती शीट पुन्हा उघडली. मला ऑफिसातल्या चुकांचं जसं पोस्टमॉर्टेम करायची सवय आहे तसंच. सहा नावं, समोर जागा. ताई – मिडल. भाचा – ताईबरोबर. आजी – साइड लोअर, खिडकी. बाबा – साइड लोअर. मी – साइड लोअर. आणि आईच्या नावापुढे मी लिहिलं होतं: ‘अ‍ॅडजस्ट होईल’.

सीट होती तिला. माझ्यासमोरची. पण मी तिच्यापुढे सीट नंबर लिहिला नव्हता, हे लिहिलं होतं. रिक्षात बसून, विचार न करता.

मी थोडा वेळ त्या रकान्याकडे बघत बसलो. मग आठवायला लागलं. लहानपणच्या सगळ्या प्रवासांत आई कुठे झोपायची? मला आईचा बर्थच आठवत नाही. ताईला विचारलं, तिलाही नाही. बाबांचा आठवतो, वरचा, घोरणं ऐकू यायचं. आजीचा खालचा. आमचं दोघांचं भांडण साइड अपरवरून. आई नेहमी कुणाच्या तरी पायाशी बसलेली.

आमच्या घरातली गोष्ट झाली ही. तुमच्याकडे वेगळं असेल तर फारच चांगलं.

तर २०२५. यावेळी ठरवलं की नीट करायचं. नियमांचा भाग भराभर सांगतो, कारण तो कुठेही मिळतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून तिकिटं ६० दिवस आधी निघतात, प्रवासाचा दिवस सोडून, सकाळी आठला. आम्ही ऐन गर्दीच्या आधी, १४ ऑक्टोबरच्या मंगळवारी निघायचं ठरवलं. साठ दिवस मागे मोजा, १५ ऑगस्ट येतो. म्हणजे खाली सोसायटीत झेंडावंदन, स्पीकरवर देशभक्तीची गाणी, आणि मी वर लॅपटॉपसमोर सावधान. तत्काळवर भिस्त ठेवू नका, एका पीएनआरवर चारच माणसं बसतात, आणि जुलै २०२५ पासून ऑनलाईन काढायला आधार जोडलेलं खातं लागतं.

मुख्य गोष्ट लोअर बर्थच्या कोट्याची. पुरुष साठीच्या पुढचे, बायका ४५ च्या पुढच्या, यांच्यासाठी प्रत्येक डब्यात काही खालचे बर्थ राखलेले असतात. पण तो कोटा हवा तर तिकिटावर एकटं माणूस किंवा जास्तीत जास्त दोन, आणि दोघंही त्या वयाचे. घरच्या सगळ्यांना एका तिकिटावर कोंबलं की कोटा गेला. २०२३ ला मी नेमकं तेच केलं होतं. (ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती या कोट्याशी गल्लत करू नका. बाबा दर वेळी गल्लत करतात आणि दर वेळी चिडतात.)

मग प्रश्न आला. दोनच जण. आजी आणि कोण? बाबा की आई? गुडघा बघितला तर बाबा. मी शीटमध्ये आजी आणि बाबा लिहिलं, आई माझ्याबरोबर आरएसीच्या गटात, आणि एंटर मारणार तेवढ्यात हात थांबला. पुन्हा तेच करत होतो मी. दोन वर्षांनी, सगळं माहीत असून, नवीन शीटमध्ये.

आईचं तिसरं तिकीट काढायचं ठरवलं. एकटीचं, तिच्या वयाच्या कोट्यात. तर आईच अडली. “मला कशाला वेगळं? मी काय म्हातारी झाले?” मग, “सगळ्यांपासून लांब एकटी कुठे जाऊ?” मग, “तेवढेच पैसे ना? मग तुझ्या बाजूला नको का मी?” मी म्हटलं, आई, पैसे तेवढेच आहेत, फक्त तू आडवी होशील. ती गप्प बसली. बाबा पेपरमधून म्हणाले, “काढ रे तू.” बाबांनी पेपर खाली न ठेवता घेतलेला हा बहुधा सगळ्यात मोठा निर्णय.

निकाल सांगतो. आजी आणि बाबा, एस-४, दोन्ही लोअर. आई, एस-४, लोअर, तीन कंपार्टमेंट सोडून. मी आणि ताई, तिसरं तिकीट काढेपर्यंत साडेआठ वाजून गेले होते, आरएसी. शेवटपर्यंत आरएसी. चार्ट आता गाडीच्या कितीतरी तास आधी लागतो, पूर्वीसारखा चार नाही, त्यामुळे दुपारी ऑफिसातच कळलं: एस-७, बर्थ ३९, दोघांना एक. बर्थ नंबर दिसला की आठने भागायचं. बाकी एक किंवा चार उरली तर लोअर, सात उरली तर साइड लोअर, शून्य उरली तर साइड अपर. ३९ ला बाकी सात. ठरलं, रात्रभर बसायचं.

आणि इथे मला एक गोष्ट सुचली, जी सुचायला दोन वर्षं लागली. रात्री कुणीतरी जागं असायलाच हवं आहे. आजीला बाथरूमला न्यायला, सामान बघायला, स्टेशन बघायला. मग ज्याला झोपायची सोयच नाही तोच पहारेकरी. आरएसीची सीट म्हणजे ड्युटीची सीट. मी आणि ताईने पाळ्या लावल्या. दौंड ते अहिल्यानगर दोघंही. तिथून मनमाड मी. मनमाडपासून जळगाव ताई. ज्याची पाळी नाही त्याने बर्थवर पाय पसरायचे, ज्याची आहे त्याने कडेला बसायचं किंवा एस-४ मध्ये चक्कर मारायची.

पण आजीला पाणी प्यायला कसं लावायचं? खरी अडचण ती होती, बर्थ नव्हे. नुसतं “आजी, पाणी पी” म्हणून ती पिणार नव्हती. तिचं गणित पक्कं आहे: पाणी प्यायलं की उठावं लागतं, उठलं की कुणाला तरी उठवावं लागतं. तेव्हा मी तिला आठवडाभर आधी सांगितलं की आपण रात्री तीनदा जाणार. एकदा दौंडनंतर, एकदा मनमाडच्या आधी, एकदा उजाडताना. तुला वाटो न वाटो. मी येऊन उभा राहणार. तिने विचारलं, “तू झोपत नाहीस का?” मी म्हटलं, मला झोपायला जागाच नाही, आजी, मी बसलेलाच आहे. यावर ती बराच वेळ विचार करून म्हणाली, “मग चालते.”

तुम्हाला कळतंय ना काय झालं ते? तिला कुणाचीही झोप मोडायची नव्हती. माझी झोप आधीच मोडलेली आहे हे कळल्यावर ती पाणी प्यायला तयार झाली.

तिच्या बीपीच्या गोळीने लघवीला जास्त होतं, हेही आधी माहीत नव्हतं. डॉक्टरांना विचारून प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची ते ठरवलं. हे आपल्या मनाने करू नका, फोन करून विचारा, दोन मिनिटांचं काम आहे.

बाथरूमचं थोडं तपशिलात सांगतो, कारण कुणी बोलत नाही. गाडीत चढल्यावर सामान लावायच्या आधी डब्याच्या दोन्ही टोकांना जाऊन बघा कमोड कुठल्या दारामागे आहे आणि त्यात पाणी येतंय का. म्हातारं माणूस उकिडवं बसू शकत नसेल तर रात्री दोन वाजता हे शोधायचं नसतं. चपला घट्ट, मागे पट्टा असलेल्या. पाण्याची वेगळी बाटली. टॉर्च. स्टेशन जवळ आलं की गाडी रूळ बदलते आणि डबा आडवा हलतो, तेव्हा जाऊ नका, मोकळ्या मार्गावर गाडी एकसारखी पळत असते तेव्हा जा. दाराला आतून कडी लावू देऊ नका, आपण बाहेर दार धरून उभं राहायचं आणि बोलत राहायचं. आजी आतून म्हणायची, “आहेस ना?” मी म्हणायचो, आहे.

एस-७ ते एस-४ हे तीन डबे ओलांडणं मात्र मी कमी लेखलं होतं. दिवाळीच्या आठवड्यात स्लीपरची वाट म्हणजे वाट नसते, माणसं झोपलेली असतात. टॉर्च खाली धरून, हातांच्या आणि डोक्यांच्या मधून एकेक पाऊल. एका काकांच्या हातावर पाय पडला, त्यांनी झोपेतच “असू दे” म्हटलं. ते वाक्य मला फार आवडलं. माझ्या पायाखालच्या त्या माणसाला बसायला सीटसुद्धा नव्हती, आणि मी आरएसीबद्दल कुरकुरत होतो.

बसून रात्र काढायचं थोडं तंत्र आहे. दोघांनी समोरासमोर बसून पाय एकमेकांच्या बाजूला सरळ सोडायचे, एकाचे खिडकीकडून, दुसऱ्याचे वाटेकडून, आणि तासाने बाजू बदलायची, कारण वाटेकडचे पाय लोकांच्या बॅगा खातात. मांडी घालून बसलात तर पहाटे उठताना पाय स्वतःचे वाटत नाहीत. मानेच्या मागे गुंडाळलेला टॉवेल, उशी नको, ती घसरते. खिडकीच्या फटीतून येणारा वारा पुण्यात गोड वाटतो, मनमाडला पहाटे तोच कानात जातो. मोजे आणि मफलर वरच्या पिशवीत ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. आणि मोठी बॅग सीटखाली साखळीने बांधा, नाहीतर पाळी असलेला माणूस चक्कर मारायला उठतच नाही. जेवण सातलाच, घरी. गाडीत नुसत्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. रिक्षाही नाही घेतली यावेळी, येरवडा स्टेशनवरून मेट्रो, तिसरं स्टेशन पुणे रेल्वे स्टेशन. आजीला लिफ्ट फार आवडली.

तर आता असं वाटतंय ना की सगळं जमलं? दौंडनंतर आजीला नेलं, झालं. अर्धी बाटली पाणी प्यायली. मनमाडच्या आधी पुन्हा गेलो. आजी गाढ झोपलेली, बाबा घोरतायत. आजीला हलवून उठवलं, ती कुरकुर न करता उठली. येताना म्हटलं आईलाही बघावं, तीन कंपार्टमेंट पुढे.

आई बसलेली होती. लोअर बर्थच्या अगदी कडेला, खांबाला डोकं लावून. आणि बर्थवर हातपाय पसरून, आडवा, एखाद्या राजासारखा, आमचा भाचा.

झालं असं होतं की भाचा आता सहा वर्षांचा. पाच ते बारा वयाच्या मुलाला २०१६ पासून दोन पर्याय आहेत: पूर्ण भाडं भरून बर्थ घ्या, नाहीतर अर्धं भाडं, बर्थ नाही. मी अर्धं घेतलं होतं. वाटलं, पोरगं केवढंसं, ताईच्या मांडीवर झोपेल. दोन वर्षांपूर्वी झोपला होता तसा. पण ताईकडे यावेळी बर्थ नव्हता, अर्धी सीट होती. अकराला तो रडायला लागला, मी आजीबरोबर होतो, ताई त्याला उचलून आईकडे गेली. आईने विचारलंही नाही. सरकली.

मी म्हटलं, “आई, अगं.” ती म्हणाली, “अरे, झोपले होते की मी थोडी.” मी विचारलं, कधी? ती हसली. “दौंडला.” दौंडला आम्ही सगळे जागे होतो.

त्याला मी उचलून एस-७ मध्ये नेला. तो उठला, ‘मामा’ म्हणाला, पुन्हा झोपला. ताईला बर्थ पूर्ण दिला, तिच्यावर त्याला टाकलं, आणि मी वाटेत बॅगेवर बसलो. त्याच मोठ्या बॅगेवर. दीड-दोन तास बसलो असेन. पाठीला टेकायला काही नाही, लोक अंगावरून जातात, डोळा लागला की डोकं पुढे जातं आणि माणूस दचकून उठतो. जळगावला उतरून चहा घेतला.

आईला मनमाड ते भुसावळ झोप मिळाली. साधारण साडेतीन तास. मी विचारून खात्री केली, यावेळी तिने खरं सांगितलं असं वाटलं. शेगावला आजीने खिडकीतून हात जोडले, बाबांनी कचोऱ्या घेतल्या, आणि अकोल्याला आम्ही सहाही जण आपल्या पायांनी उतरलो.

मावशीआजीकडे आजी तीन दिवस राहिली. दोघी एकाच बाजेवर, दिवसभर. काय बोलत होत्या ते कुणालाच कळलं नाही, एकीला ऐकू येत नाही आणि दुसरी हळू बोलते. तरी चाललं होतं.

येताना मी सगळ्यांची वंदे भारतची तिकिटं काढली. नागपूरच्या अजनीहून पुण्याला, १० ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालीय, दिवसाची, खुर्च्यांची. भाड्याचा आकडा बघून बाबा थोडा वेळ बोलले नाहीत, आणि जाताना आम्ही तीच का नाही घेतली याचं उत्तरही तेच आहे, दोन्ही वेळचा खर्च झेपला नसता. पण त्यात बसायचं दिवसा, बाथरूम जवळ, आणि मुलाला आपली खुर्ची घ्यावीच लागते, अर्ध्याचा पर्यायच नाही. दुपारी अकोल्याला चढलो. शीट मी केली होती, यावेळी आईचं नाव सगळ्यात वर, खिडकी.

ती मलकापूरच्या आसपास झोपली. तोंड थोडं उघडं, पदर खांद्यावरून घसरलेला. मनमाडला आजी म्हणाली, “उठव तिले, चहा आला.” मी म्हटलं, राहू दे. आजी म्हणाली, “हो, राहू दे,” आणि तिचा चहा स्वतः प्यायली.

रात्री पुण्यात उतरलो तेव्हा मेट्रो चालू होती. येरवड्याला लिफ्टमध्ये आजीने पुन्हा बटण दाबलं.

पुढच्या दिवाळीसाठी भाच्याचं पूर्ण तिकीट काढायचं हे आत्ताच शीटमध्ये लिहून ठेवलंय. तुमच्या रात्रीच्या प्रवासात कोण कुठे झोपतं ते मला लिहून पाठवा, विशेषतः अमरावती-यवतमाळकडे जाणाऱ्यांनी, मला बडनेऱ्याला उतरून पुढे म्हाताऱ्या माणसांना कसं नेता ते समजून घ्यायचंय. चला, भेटू पुढच्या भागात.